हिरवळकर

कुणी नवं घर घेतलं की आपल्यातली माणसं काय विचारतात? बेडरूम किती, शाळा कुठली, व्याज कितीनं पडलं, दार पूर्वेला आहे का. हिरवळकर विचारतो, "गवत कुठलं आहे?" विचारतो आणि लगेच दुसरीकडे बघतो, कारण समोरच्याला उत्तर येत नसणार याची त्याला खात्री असते. एकदा एका भाबड्या घरमालकानं "हिरवं आहे" असं सांगून टाकलं. हिरवळकरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज हिरवं आहे," तो म्हणाला. असा आवाज मी त्याआधी फक्त अतिदक्षता विभागाबाहेर ऐकला होता.

आडनाव अर्थातच खरं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली-केरी भागातल्या मराठी मंडळींनी ते त्याला बहाल केलंय आणि ते इतकं रुळलंय, की वर्गणीच्या यादीतसुद्धा तो 'ह'मध्येच सापडतो. पोटापाण्यासाठी तो रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषध कंपनीत संख्याशास्त्राचं काम करतो. कुठलं औषध कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे आकड्यांवरून पाहायचं. शनिवार-रविवारी हेच काम तो गवताच्या बाबतीत फुकट करतो. या दोन्हींतल्या कुठल्या कामात त्याचा जीव आहे, हे सांगायला मात्र संख्याशास्त्र लागत नाही.

सत्यनारायणाला बोलावलं की तो येतो, वेळेवर येतो, आणि कथेचा दुसरा अध्याय लागला की नाहीसा होतो. साधुवाण्याची नाव बुडायच्या सुमारास मागच्या खिडकीतून पाहावं, तर हा रेशमी झब्ब्यात यार्डमध्ये उकिडवा बसलेला. आधी तो गवतावरून उलटा तळहात फिरवतो. मग एकच पातं बुडाशी धरून अलगद उपटतो. पातं आणि देठ जिथं मिळतात तो सांधा नखानं उघडतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि ते पातं नाकाला टेकेल इतकं जवळ नेतो. सांध्यापाशी बारीक केसांची झालर दिसली तर बर्म्युडा किंवा झोयझिया. झालर नाही, वरच्या अंगाला उभ्या ठसठशीत शिरा, कडेवरून बोट ओढलं तर खरखर लागते, मग टॉल फेस्क्यू. पातं मऊ आणि टोक होडीच्या टोकासारखं उचललेलं, तर केंटकी ब्लूग्रास. निदान झालं की तो उठतो, गुडघे झटकतो, हात धुऊन प्रसादाचा द्रोण घेतो आणि यजमानाला कोपऱ्यात गाठतो.

"फेस्क्यू आहे तुमच्याकडे. पश्चिमेच्या उतारावर. झाड एक नाही."

"म्हणजे वाईट आहे का?"

"वाईट कुठलंच गवत नसतं हो," हिरवळकर शिऱ्यातला बेदाणा चावत म्हणतो. "जागा चुकते."

त्याचं म्हणणं मी थोडक्यात सांगतो. त्याच्या तोंडून ऐकायचं तर जेवणं राहतील. लॉनच्या गवतांत दोन तट आहेत. एकांना थंडी मानवते. फेस्क्यू, ब्लूग्रास, रायग्रास ही मंडळी १५ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये जोमात असतात. दुसरी उन्हाळी: बर्म्युडा, झोयझिया, सेंटिपीड, सेंट ऑगस्टिन. त्यांना २७ ते ३५ अंश हवेत, आणि कडक थंडी पडली की ती गवती चटईच्या रंगाची होऊन एप्रिलपर्यंत झोपतात. मिनेसोटातल्या माणसानं पहिली लावावीत, फ्लोरिडातल्यानं दुसरी. तिथं डोकं चालवायला वावच नाही आणि म्हणून हिरवळकरला त्या लोकांची कीव येते. पण कॅन्सस-मिसुरीपासून केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया करत आमच्या नॉर्थ कॅरोलायनापर्यंत एक आडवा पट्टा येतो. त्याला गवतवाले 'ट्रान्झिशन झोन' म्हणतात. इथं जुलैत पारा रोज ३२ अंशांपर्यंत चढतो, वर हवा दमट. आणि जानेवारीत रात्री पाणी गोठतं. थंडीची गवतं उन्हाळ्यात आजारी पडतात, उन्हाळी गवतं हिवाळ्यात मेल्याचं सोंग घेतात. बारा महिने सुखात राहील असं गवत इथं नाहीच.

"निवड करायची म्हणजे काय करायचं?" हिरवळकर विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. "कुठल्या महिन्यात रडायचं ते ठरवायचं."

हे कुणाला पटत नाही, कारण आमच्या भागात मूळचं असं कुणी भेटतच नाही. प्रत्येक जण कुठून तरी आलेला, आणि येताना तिथलं अंगण डोक्यात घेऊन आलेला. ओहायोचा माणूस ब्लूग्रास मागतो, कारण त्याच्या बापाच्या दारात ते होतं. त्याला हिरवळकर ऐकवतो की नावात केंटकी असलं तरी हे गवत मुळात युरोपातून आलेलं आहे. माणूस दुखावतो, पण हट्ट सोडत नाही. फ्लोरिडाहून आलेल्याला पायाखाली सेंट ऑगस्टिनची रुंद, जाड पाती हवीत. टेक्ससवाला बर्म्युडावर अडून बसतो, मग अंगणात ओकची कितीही गर्द सावली का असेना. आणि आपली माणसं? पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाच्या मनात गवताचं एकच चित्र असतं, ते म्हणजे यश चोप्रांच्या सिनेमातलं स्वित्झर्लंड. "आम्हाला तसं हवंय," असं नवराबायको एका सुरात म्हणतात. त्या उतारांवर नायिका शिफॉनच्या साडीत कुडकुडत नाचते, यावरूनच तिथलं तापमान कळायला हवं, असं हिरवळकरचं म्हणणं. मला विचाराल तर त्याचा खरा झगडा गवताशी नाहीच, या आठवणींशी आहे. लोक पिनकोड बदलतात आणि ऋतू जुनेच वापरत राहतात.

म्हणून गवत सुचवायच्या आधी तो जागेची पत्रिका मागतो. ऊन किती? "भरपूर" हे उत्तर चालत नाही. शनिवारी सकाळी सातपासून दर तासाला वरच्या खिडकीतून फोटो काढून पाठवायचा. बर्म्युडाला सहा ते आठ तास सरळ ऊन लागतं. चार तासांच्या अंगणात दिलं तर "मुलगी नांदायची नाही", हे त्याचे शब्द. मग माती. त्यासाठी तो स्वतः बादली घेऊन येतो, यार्डात पंधरावीस ठिकाणी चार-सहा इंच खोल टोचून नमुने काढतो, कालवतो आणि राज्याच्या कृषी खात्याच्या पुठ्ठ्याच्या चिमुकल्या खोक्यात भरून धाडतो. एप्रिल ते नोव्हेंबर ही तपासणी फुकट असते. हिवाळ्यात किरकोळ शुल्क पडतं, आणि त्या किरकोळ शुल्कासाठी त्यानं लोकांची लॉनं वसंतावर ढकललेली आहेत. आमची माती लाल, चिकट आणि आंबट. अहवाल आला की तो चष्म्यातून आकडे वाचतो आणि औषधाच्या चिठ्ठीसारखा चुना लिहून देतो, हजार स्क्वेअर फुटांना अमुक पौंड, दोन हप्त्यांत.

पण या पत्रिकेतलं सगळ्यांत नाजूक घर मालकाच्या स्वभावाचं. दर सप्टेंबरात बी पेरायला, उन्हाळी बुरशीवर नजर ठेवायला तयार असलेला कष्टाळू माणूस असेल तर फेस्क्यू. हौस आहे, पैसा आहे, धीरही आहे, त्याला झोयझिया. ते हळूहळू दाट होतं, पण एकदा झालं की त्यात तणाला पाय ठेवायला जागा नसते. आणि काहीच करायची तयारी नसेल, तर सेंटिपीड. इकडे त्याला आळशी माणसाचं गवत असंच म्हणतात. ते सावकाश वाढतं, आंबट माती त्याला आवडते, आणि प्रेमानं खत घातलं तर उलट आजारी पडतं. हे सुचवताना हिरवळकर फार जपून बोलतो. तरी ज्याला कळायचं त्याला कळतं. माझी-त्याची ओळख झाली त्या दिवशी, दहाव्या मिनिटाला, त्यानं मला सेंटिपीड सुचवलं.

कुळाचीही माहिती तो देतो, आणि ती जेवताना देतो. 'केंटकी ३१' नावाचं फेस्क्यू १९३१ साली केंटकीतल्या मेनिफी काउंटीत एका शेताच्या डोंगरउतारावर हिरवंगार सापडलं आणि १९४३ साली अधिकृतपणे बाहेर पडलं. झोयझियातलं 'मायर' १९५१ सालचं. कुणी पापडावर लिंबू पिळायला घेतलं, की हिरवळकर हात वर करतो. ज्या फ्रँक मायरच्या नावानं हे गवत, त्याच्याच नावानं ते मायर लिंबू. देशोदेशी वनस्पती शोधत हिंडणाऱ्या या माणसानं १९०५ मध्ये कोरियातून झोयझियाचं बी आणलं आणि १९१८ मध्ये तो चीनमध्ये यांगत्सी नदीत बुडून गेला. पंगत क्षणभर गप्प होते. मग कुणीतरी म्हणतं, "बरं, लिंबू पिळू का?"

वर्षातून दोनदा तो टीव्हीपुढे बसतो. एप्रिलमध्ये ऑगस्टाची गोल्फ स्पर्धा असते तेव्हा, आणि जुलैत विम्बल्डनला. कोण जिंकलं ते त्याला सांगता येत नाही. विम्बल्डनला २००१ पासून शंभर टक्के पेरेनियल रायग्रास आहे आणि ते खेळाच्या दिवसांत ८ मिलिमीटरवर कापतात, हे मात्र तो पाहुण्यांना सांगतो. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळ गवत झिजून माती उघडी पडते तेव्हा तो खोलीबाहेर जातो.

सॉड येतं त्या दिवशी त्याची खरी ओळख पटते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: शेतात वाढवलेली हिरवळ यंत्रानं मुळांसकट, इंचभर मातीसह खरवडून काढतात, तिचे तुकडे किंवा वळकट्या करतात आणि लाकडी पॅलेटवर रचून ट्रकनं पाठवतात. एका पॅलेटवर साधारण ४५० ते ५०० स्क्वेअर फूट हिरवळ मावते आणि तिचं वजन टनाच्या आसपास जातं. कापल्यापासून चोवीस तासांत ती जमिनीला लागली पाहिजे, कारण रचलेल्या ढिगात आतल्या आत उष्णता धरते आणि मधले थर पिवळे पडून उकडतात. हे शेवटचं वाक्य हिरवळकर ज्या स्वरात सांगतो त्यानं भल्याभल्यांची शनिवारची झोप उडालेली आहे. ट्रक सातला येणार असला तर तो साडेसहाला हजर. आल्या आल्या तो पॅलेटच्या मधोमध मनगटापर्यंत हात खुपसतो, डोळे मिटून थांबतो, आणि मग ड्रायव्हरकडे बघून मान हलवतो. ती मान हलल्याशिवाय सही करायची नाही, असा आमच्याकडे आता रिवाजच पडलाय.

पुढचं काम आमचं. विटांसारखे सांधे चुकवत तुकडे बसवायचे, कडा एकमेकींना भिडवायच्या पण चढवायच्या नाहीत, उतारावर आडवे घालायचे. डॉक्टर, प्रोग्रॅमर, बँकेतला एक व्हाइस प्रेसिडेंट, असे सगळे गुडघ्यांवर. हिरवळकर मागून अनवाणी चालत येतो. तळपायाला पोकळी लागली की थांबतो. "हा तुकडा कुणी बसवला?" व्हाइस प्रेसिडेंट हात वर करतो. फेस्क्यूच्या सॉडमध्ये हिरवळकरला एक गोष्ट खुपते. फेस्क्यू झुपक्यांनी वाढतं, हातपाय पसरत नाही, त्यामुळे त्याचा तुकडा एकसंध राहावा म्हणून शेतवाले खाली प्लॅस्टिकची जाळी घालतात किंवा थोडं ब्लूग्रास मिसळतात. जाळी दिसली की तो ती सगळ्यांना दाखवतो. "याचं याला धरून राहता येत नाही," असं म्हणतो, आणि ज्याच्या घरी आपण उभे आहोत त्यानंच ते निवडलंय हे त्या भरात विसरतो.

दोन आठवड्यांनी तो न सांगता येतो. कुणाशी बोलत नाही. सॉडचा एक कोपरा दोन बोटांनी वर ओढून बघतो. कोपरा उचलला गेला नाही तर मुळं धरली. मग बेल वाजवतो आणि चहा मागतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस अमेरिकेत राहतो असं वाटत नाही. तो साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. सह्याद्रीच्या पलीकडे सगळा पाऊस ओतून ढग तिथं रिकामे पोहोचतात. वर्षाला वीस इंच पडला तरी लोक नाव काढतात. इथं रॉलीत ४६ इंच पडतो, तरी जुलैच्या दुपारी कुणाचा स्प्रिंकलर रस्त्यावर पाणी उडवताना दिसला की हिरवळकर गाडी थांबवतो. उतरतो, स्प्रिंकलरचं तोंड गवताकडे वळवतो, आणि भिजलेल्या बाहीनं ऑफिसला जातो. लॉनला आठवड्याला इंचभर पाणी पुरे, हे त्याचं मोजून सिद्ध झालेलं मत. मोजायला तो श्रीखंडाचे रिकामे डबे वापरतो. डबे यार्डभर मांडायचे, स्प्रिंकलर सुरू करायचा, वीस मिनिटांनी प्रत्येकात पट्टी बुडवायची. त्याच्या गराजमध्ये ते डबे एकात एक घालून छतापर्यंत गेलेले आहेत. वहिनी म्हणतात की घरात श्रीखंड कुणालाच फारसं आवडत नाही.

वहिनींना स्वतःच्या दारातही मुक्त संचार नाही. सकाळी दंव गोठलेलं असताना गवतावरून चालायचं नाही; पाती मोडतात आणि पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. एकदा पहाटे असे ठसे दिसले तेव्हा त्यानं घरातल्या सगळ्यांच्या चपला ओळीनं मांडल्या होत्या. ठसे हरणाचे निघाले.

त्याच्या शेजारी एक ओहायोकर राहतो. आधीच्या मालकानं लावलेलं साधं बर्म्युडा त्याला वारशानं मिळालेलं, आणि बर्म्युडा हे हद्द मानणारं गवत नव्हे. जमिनीवरून धुमारे टाकतं, जमिनीखालून मुळ्या सोडतं, आणि हिरवळकरच्या मागच्या यार्डातल्या फेस्क्यूत दर जूनला हातभर आत येतं. दर शनिवारी हिरवळकर धारदार फावड्यानं हद्दीवर चर मारतो. ओहायोकर कुंपणापलीकडून हसून हात करतो. त्याला वाटतं, हा काहीतरी धार्मिक विधी असावा. तसं वाटायला कारणही आहे. भाद्रपद चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या लॉनच्या कडेला आमच्या मंडळातल्या डझनभर बायका बसलेल्या असतात, ताटं मांडीवर घेऊन, कोवळे तीन पात्यांचे तुरे खुडत. बर्म्युडा म्हणजेच आपल्या दूर्वा, रानातली हराळी, हे त्याला पहिल्या वर्षी हिरवळकरनं लॅटिन नावासकट समजावलं. त्यानं एवढंच विचारलं, की यात आपल्याला काही करावं लागेल का. हो, करावं लागेल, हिरवळकर म्हणाला. ऑगस्टपासून फवारणी बंद. तेव्हापासून तो बिचारा आमच्या गणपतीसाठी तण सोसतो.

स्वतः हिरवळकर गणेशोत्सवात कधी सापडत नाही. मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर हा फेस्क्यूच्या पेरणीचा हंगाम, आणि गणपती नेमका त्याच्या तोंडावर येतो. आरास, आरत्या, महाप्रसाद चालू असतात आणि हा भाड्यानं आणलेलं एरेटर कुणाच्या तरी यार्डात ढकलत असतो. त्या यंत्रातून मातीच्या बोटभर लांब गुंडाळ्या गवतावर पडत जातात. एका वर्षी त्यानं सेक्रेटरीला गंभीरपणे विचारलं होतं, की उत्सव दोन आठवडे पुढे नेता येईल का.

आता आबा.

आबा म्हणजे हिरवळकरचे वडील. उभा जन्म माणच्या रानात काढलेला माणूस. ते पहिल्यांदा आले ते मेअखेर, सहा महिन्यांसाठी. नेमकं त्याच सुमारास हिरवळकरनं ड्राइव्हवेच्या कडेचा पट्टा नव्यानं केला होता. तिथं सिमेंटची धग लागून फेस्क्यू लागोपाठ जळत होतं. शेवटी बऱ्याच अभ्यासाअंती त्यानं तिथं जॉर्जियातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं 'टिफटफ' जातीचं बर्म्युडा आणून टाकलं. ते कमी पाण्यावर तगणारं, उन्हाला न डरणारं. त्या जागेला दुसरं कुठलंही गवत शोभलं नसतं, हे मीही मान्य करतो, आणि मी सेंटिपीडवाला.

जेटलॅगनं आबांना पहाटे तीनलाच जाग यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी फटफटल्यावर ते दार उघडून बाहेर आले, ड्राइव्हवेच्या कडेला वाकले, आणि त्यांनी पाहिलं. ज्या माणसानं साठ उन्हाळे नांगरटीमागे हराळीच्या काशा वेचल्या, बांधावर ढीग करून जाळल्या, तरी आगोटीला ती पुन्हा पिकात उभी राहिलेली बघितली, त्याच्या पोराच्या दारात, इतक्या लांब परमुलखात, हराळी. आबा घरात गेले. बॅगेत धोतराच्या घडीत गुंडाळून आणलेलं खुरपं निघालं.

हिरवळकर कॉफीचा मग घेऊन बाहेर आला तेव्हा अर्धा पट्टा मोकळा झाला होता. मुळं उन्हाकडे करून काशा ड्राइव्हवेवर पसरल्या होत्या आणि आबा काडेपेटी शोधत होते.

"आबा! काय केलंत हे?"

"हराळी शिरली हुती दारात. तुजं ध्यान कुटं हाय? आनी म्हैनाभर ऱ्हायली असती, तर घर खाल्लं असतं हिनं."

"आबा, मी लावलीय ती."

आबांनी खुरपं खाली ठेवलं. "लावलीस?"

"हो. विकत आणून."

आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. पोरगं अमेरिकेला जाऊन बिघडल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या, त्यात दारू होती, बायका होत्या, हे नव्हतं. हिरवळकरनं मग जे केलं ते त्याच्या जागी असलेला कुठलाही तज्ज्ञ करतो. त्यानं माहिती दिली. ही साधी हराळी नव्हे, दोन जातींचा संकर आहे. हिला बी धरत नाही, त्यामुळे रानभर व्हायची भीती नाही. आणि मुख्य म्हणजे, आबा, हिला पाणी कमी लागतं.

"हराळीला पानी कमी लागतं," आबा सावकाश म्हणाले, "ह्ये तू मला सांगतूयास?"

हिरवळकर गप्प.

"आनी किती घातलं हिच्यात?"

हिरवळकरनं आकडा डॉलरमध्ये सांगितला, हळू आवाजात. आबांना भागाकार-गुणाकार कुणी शिकवायला नको. "चार शेरडं आली असती," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

उरलेला अर्धा पट्टा वाचला, उपटलेला अर्धा पुन्हा लावला. सॉडला तरी काय, मुळं ओली असली की ते धरतं. ते शेवटी हराळीच. सोसायटीकडून, म्हणजे इथल्या एच.ओ.ए.कडून, ड्राइव्हवेवर वाळलेला पालापाचोळा पसरल्याबद्दल एक पत्र आलं. ते वहिनींनी फ्रिजवर लावून ठेवलंय.

त्यानंतर मात्र त्या गल्लीत आबांचा भाव वाढला. ओहायोकराच्या लॉनमध्ये लव्हाळा माजला होता. तो बरीच वर्षं त्यावर औषधं मारत होता. लव्हाळा वरून जळायचा, खालून हसायचा. आबांनी कुंपणावरून ते पाहिलं आणि कुणी न बोलावता आत गेले. खुरपं तिरकं घालून, माती न मोडता, त्यांनी खालची काळी गाठ अख्खी वर काढली आणि ओहायोकराच्या तळहातावर ठेवली. "ह्येला मारायचं नस्तं. ह्येला काडायचं अस्तं." हिरवळकरनं भाषांतर केलं. ओहायोकरानं दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी दोघांना आणलं. सप्टेंबरपर्यंत आबांचं शनिवारचं वेळापत्रक भरलेलं होतं आणि हिरवळकर त्यांच्यामागे दुभाष्या म्हणून बादली धरून हिंडत होता. कुणी पैसे देऊ केले की आबा हात जोडायचे. पाहुण्याच्या दारातलं तण काढलं म्हणून पैसे घेतात काय?

आबा नोव्हेंबरात परत गेले. खुरपं ठेवून गेले. ते गराजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांशेजारी टांगलेलं आहे.

परवा मंडळातल्या एका कुटुंबाची बदली लास व्हेगासला झाली. नवं घर, पुढेमागे यार्ड, म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे हिरवळकरला फोन केला: सॉड कुठलं घ्यावं? मी तिथंच बसलो होतो. तो ऊन विचारेल, माती विचारेल, अशी माझी अपेक्षा. त्यानं एकच विचारलं, "पाऊस किती?" वर्षाला चार इंच. "मग काहीच लावू नका," तो म्हणाला. "दगड टाका. निवडुंग लावा." मग पुढची पंचवीस मिनिटं त्यानं त्यांना समजावलं, की २०२१ साली नेवाडानं कायदाच केलाय, रस्त्याच्या दुभाजकांत आणि दुकानांपुढे नुसतं शोभेसाठी असलेलं गवत कोलोराडो नदीच्या पाण्यावर २०२६ नंतर जगवायचं नाही. आणि घरमालकानं आपणहून आपल्या यार्डातलं गवत काढून तिथं कमी पाण्याची झाडं लावली, तर पाणीखातं स्क्वेअर फुटावर पैसे मोजून देतं. हे सांगताना त्याच्या आवाजात असा उमाळा होता, की समोरच्यांना आपण दुष्काळात चाललोय की काशीला, हे कळेना.

त्या रविवारी आबांशी व्हिडिओवर बोलताना त्यानं ही बातमी त्यांनाही दिली. आबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

"म्हंजे गवात उपटायचं, आन् सरकार पैसं देतंय?"

"हो आबा. स्क्वेअर फुटावर."

"आरं मग," आबा फोनच्या अगदी जवळ आले, पडद्यावर नुसतं नाक आणि एक डोळा दिसायला लागला, "मला सा म्हैनं त्या गल्लीत फुकाट का रं राबवलंस?"